शांतासाठी खणलेला खड्डा

"आजी, खाली उतरा. मुडदा एस.टी.त चालत नाही."

कंडक्टरने कन्हानच्या पुलाअलीकडे गाडी थांबवली होती. माझी मुलगी शांता माझ्या मांडीवर आडवी होती. डोळे अर्धे उघडे, ओठ काळे. तोंडावर बसलेली माशी तिने हाकलली नाही, म्हणून मागच्या बाईने ओरड केली.

"मेली नाही ते," मी म्हटलं. "मुदतीचा ताप आहे तिले. हात लावून पाहून घे."

"मी नाही लावत."

"मग गाडी हाण. इथं थांबला तर खरंच मुडदा होईल, अन् तुलेच उचलावा लागेल."

त्याने बोटं तिच्या नाकाजवळ धरली, मागे घेतली आणि घंटी मारली. कामठीला तांब्याभर पाणीही त्यानेच आणून दिलं.

तो उत्तम शुक्रवार होता, ख्रिस्ताला क्रुसावर दिलं तो दिवस. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीचा. शांता पारशिवनीला शाळेत मास्तरीण होती आणि मी तिच्याजवळ राहत होते. चार लेकरांतलं हे एकच उरलेलं.

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, "उशीर केला. आशा धरू नका. दोन दिवस निघाले तर पाहू." माझा धाकटा भाऊ याकोब धावत आला होता. त्याने हे सगळं ऐकलं, पण धरून ठेवलं ते 'आशा धरू नका' एवढंच.

शनिवारी मला वॉर्डात बसू देईनात आणि बाहेर मला बसवेना. मी चालत सुटले. संत्र्यांच्या गाड्या लागल्या होत्या, रस्त्यावर साली तुडवल्या जात होत्या. गांधीबागेच्या कापडबाजारात हातगाड्यांवर गठ्ठे चालले होते. याकोब तिथल्याच एका दुकानात कामाला होता, पण जागेवर नव्हता. "कुठंतरी काम हाय म्हणून गेला," मालक म्हणाला. घरी भावजयीने सांबारवडी (सांबार म्हणजे कोथिंबीर, ती भरून तळलेली वडी) वाढली. मी तीन खाल्ल्या. मुलगी मरायला टेकली तरी भूक लागते, हे कोणी सांगत नाही.

रविवारी पुनरुत्थानाचा सण, ख्रिस्त कबरीतून उठला तो दिवस. आमचे लोक त्या दिवशी उजाडायच्या आत कबरस्तानात जमतात. कबरींना आदल्या दिवशीच चुना दिलेला असतो. मेणबत्त्या लावतात, आणि सूर्य वर येताना उपासना होते. याकोब म्हणाला, "बाई, तू नको येऊ." मी गेले. माझा नवरा आणि तीन लेकरं तिथेच आहेत.

नवऱ्याच्या कबरीला लागून ताजा खड्डा होता.

"हा कोणासाठी?"

याकोबने टोपी काढली. "डॉक्टर म्हणाला होता न, बाई. अन् आज सणाले कोणी कुदळ धरत नाही. म्हणून काल खणून घेतला."

"माप कुठून आणलं गा?"

"अंदाजानं."

पाळकसाहेबांनी प्रवचन केलं, गाणी झाली. मी कडेलाच उभी होते. मग खणणारा म्हातारा किसन जवळ आला. "माय, मोकळा नका ठेवू. मोकळा खड्डा माणूस मागते. कोंबडं नाही तर नारळ तरी घाला."

याकोबच्या पिशवीत नारळ तयारच होता.

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. ते चपलेतला खडा काढू लागले. "तशी शिकवण नाही आपली. पण घातला तर काय बिघडते?"

खोटं कशाला सांगू, नारळ मी हातात घेतला होता. शांता अजून दवाखान्यात होती, आणि ती गेली असती तर सगळे म्हणाले असते, म्हातारीच्या हट्टाने गेली. पण नुकतंच प्रवचनात ऐकलं होतं, त्या बायाही पहाटे ख्रिस्ताच्या कबरीत काहीतरी घालायलाच आल्या होत्या. सुगंधी मसाले घेऊन. घालायला कोणी सापडलं नाही. त्या मसाल्यांचं पुढे काय केलं, ते कोणी सांगत नाही. घरी नेले असतील.

"साहेब," मी म्हटलं, "आत्ता तुम्हीच सांगितलं, कबर रिकामी होती, आनंद करा. मंग ही रिकामी आहे तर भेऊन काहून राहिले?"

मी नारळ काखेत मारला, किसनचं फावडं घेतलं आणि माती लोटायला लागले. दम लागला तेव्हा याकोबने फावडं घेतलं. "पाहा बापा, मोकळा नका ठेवू म्हणून मी सांगतलं होतं," किसन सगळ्यांना सांगत फिरला. नारळाची आम्ही चटणी केली.

विश्वासाने मन शांत होतं म्हणतात. माझं झालं नाही. पुढचे कितीक दिवस नर्सच्या चपला वाजल्या की मी उठून उभी राहायची. नारळ घालायला हवा होता, असं रोज वाटायचं. पण घालायला परत गेले नाही. माझा विश्वास तेवढाच होता.

परतताना तोच कंडक्टर. आधी त्याने मला ओळखलं, मग शेजारी पाहिलं.

"आजी, मुडदा बसून जाऊन राहिला की!"

"मंग अर्धं तिकीट लावा," शांता म्हणाली. आवाज अजून बारीक होता. केस गळून डोक्यावर विरळ लव राहिली होती.

पूल आला. खाली नदीत वाळूच जास्त होती. शांता खिडकीला डोकं टेकून पाहत होती आणि मी तिच्याकडे.

नवऱ्याशेजारची ती माती आता खाली बसली आहे. आत कोणी नाही. ती जागा मी माझ्यासाठी धरून ठेवली आहे.

शांता जगली.