औषधाच्या पिशवीचे पैसे

वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआतल्या ज्या फार्मसीत सुलेखा टेंबे काम करते, तिच्या मालकाचं नाव मरे. औषधाच्या दुकानदाराचं नाव मरे असावं, हे पहिले काही महिने सुलेखाला मोठ्याने म्हणवत नसे. एकदा भारतातून आलेल्या कुणाच्या तरी आजींना ती सहज म्हणून गेली, "थांबा हं, मरेला विचारून सांगते," आणि आजींनी हातातली खोकल्याची बाटली हळूच काउंटरवर परत ठेवली.

सुलेखा मूळची कराडची. फार्मसी तिथंच शिकली, मग पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलच्या औषधविभागात नोकरी केली. नवऱ्याला, सुरेशला, वेलिंग्टनला आयटीतलं काम मिळालं म्हणून इकडे आली. इथं पुन्हा परीक्षा, पुन्हा ट्रेनिंग, पुन्हा पहिल्यापासून सगळं. ते तिनं न कुरकुरता केलं आणि पोरिरुआच्या मॉलमधल्या या दुकानात जी चिकटली ती चिकटलीच. तिच्यात दोन गोष्टी ठळक होत्या. एक, तिचा आवाज. कृष्णेच्या एका काठावरून दुसऱ्या काठावरच्या माणसाला हाक मारावी असा खणखणीत. आणि दुसरी, त्याच्या अगदी उलट, तिचं पोट. त्यात गेलेली गोष्ट बाहेर म्हणून येत नसे.

ते तसं असणं भागच होतं. पोरिरुआ, व्हिटबी, टिटाही बे या सगळ्या टापूतली मराठी घरं म्हणजे एका हॉलमध्ये मावतील एवढी. महिन्यातून एकदा ती मावतही. आणि त्यातल्या बहुतेकांची औषधं सुलेखाच्या हातून जात. कुणाची साखर वाढली, कोण मूल व्हावं म्हणून उपचार घेतंय, कोण झोपेची गोळी घेतं, सगळं तिला ठाऊक. पॉटलकला, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, तीच माणसं समोर बसून तिच्या हातची भरली वांगी खात, आणि ती त्यांच्याशी फक्त वांग्यांबद्दल बोले. सुरेश म्हणायचा, "तुझ्या पोटात काय काय आहे देव जाणे." ती म्हणायची, "देवालाच जाणू दे."

तर पिशव्यांचं असं झालं. इथं देशभर प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा फार्मसीनं कागदी पिशव्या आणल्या. पण सवय तीच राहिली. एक लिप बाम घेतला तरी माणूस पिशवीसाठी हात पुढे करायचा, आणि तीच पिशवी पार्किंगमध्ये वाऱ्यावर उडताना दिसायची. दुपारी सुलेखा डबा घेऊन बंदराच्या कडेला जाऊन बसे, तर पाण्यात भिजून लगदा झालेल्या त्यांच्याच दुकानाच्या पिशव्या दगडांना चिकटलेल्या असत. तिला फार लाज वाटायची.

शेवटी तीच मरेला म्हणाली, "आपण पिशवीचे पैसे घेऊ या. थोडेच, पण घेऊ या. फुकट मिळालेली वस्तू माणूस वापरत नाही, टाकतो."

मरे भला माणूस, पण गिऱ्हाईक दुखावेल या धास्तीनं आधीच अर्धा वाकलेला. त्यानं बरेच आढेवेढे घेतले. सुलेखानं मग तोडगा काढला की ते पैसे दुकानानं ठेवायचे नाहीत, बंदर साफ करणाऱ्या स्थानिक मंडळींना द्यायचे. "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत झकास, असं मरे म्हणाला आणि पाटी लागली. लहान पिशवी असो वा मोठी, पैसे पडतील.

थोडे दिवस लोक कुरकुरले. मग घरून पिशव्या आणू लागले, खिशात वस्तू घालू लागले. सुलेखा खूश होती. गल्ल्यावर कुणीही आलं की तिचा तो आवाज घुमायचा, "किआ ओरा! पिशवी हवीय का? पैसे पडतात हं!" पलीकडच्या बेकरीतली मुलगी हसायची.

अशातच एका शुक्रवारी दीनानाथकाका औषधं न्यायला आले. दीनानाथ खांडेकर म्हणजे मराठी मंडळाचा हसरा चेहरा. वीज कंपनीतून निवृत्त झालेले, प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन त्यांच्याकडे. माइक हातात आला की लहान मुलंसुद्धा पळायची थांबत. दोन वर्षांपूर्वी त्यांची पत्नी, शांताकाकू, गेली. मुलगी हॅमिल्टनला हॉस्पिटलात डॉक्टर. काका टिटाही बेला एकटेच राहत. काकू गेल्यानंतरही ते कार्यक्रमात तसेच बोलत, तसेच हसवत. त्यांना डॉक्टरांनी उदासपणावरची गोळी लिहून दिली आहे, हे पोरिरुआतल्या मराठी माणसांपैकी एकट्या सुलेखाला माहीत होतं.

त्या दिवशी दुकानात गर्दी होती. सुलेखानं गोळ्यांची खोकी पुढे सरकवली आणि सवयीनं विचारलं, "पिशवी हवीय का काका? पैसे पडतात हं!"

काकांनी मागे वळून रांगेकडे पाहिलं. "नको नको, पिशवी कशाला," म्हणाले आणि खोकी जॅकेटच्या खिशांत कोंबून निघाले. काचेतून सुलेखाला दिसलं की बाहेर त्यांना मंडळातली अस्मिता भेटली. दोघं काहीतरी बोलले. पुढचं गिऱ्हाईक आलं आणि सुलेखा कामाला लागली.

पुढच्या महिन्यात काका आले नाहीत. त्यांच्या गोळ्या तयार होऊन फडताळात पडून राहिल्या. आठवडा उलटला तशी सुलेखा बेचैन झाली. ही गोळी अशी एकदम बंद करायची नसते. चक्कर येते, जीव घाबरतो, आणि ज्या खड्ड्यातून माणूस मुश्किलीनं वर आलेला असतो, त्यात तो परत जाऊ शकतो. तिनं फोन केला, उचलला नाही. निरोप ठेवला, उत्तर नाही. क्लिनिकला कळवलं, तर काकांचे नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. मंडळात कुणाला विचारायची सोय नव्हती. "काका बरे आहेत ना?" एवढं म्हटलं असतं तरी लगेच "का? काय झालं?" आलं असतं.

शेवटी तिनं मरेला सांगितलं, "मी ही औषधं घरपोच देऊन येते." दुकान तशी सेवा द्यायचंच, त्यामुळे त्यानं मान डोलावली.

टिटाही बेला भर दुपारी वारा सुटला होता. काकांच्या युनिटचे पडदे ओढलेले. गाडी मात्र जागेवर होती. सुलेखानं बेल वाजवली, दार ठोठावलं, "काका!" म्हणून हाक मारली. आतून काही नाही. मन नको तिथं जाऊ लागलं. ती घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेली आणि थबकली. दोरीवर एक चौकड्यांचा शर्ट वाळत घातला होता. तिनं त्याला हात लावला. शर्ट ओला होता. त्या वाऱ्यात शर्ट अजून ओला, म्हणजे धुणं आत्ताच घातलंय. सुलेखानं तो शर्ट तसाच मुठीत धरला आणि तिला एकदम रडूच आलं.

"काय गं, माझा शर्ट पळवतेस की काय?"

मागे दीनानाथकाका उभे. पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, हातात दुधाची बाटली. कोपऱ्यावरच्या डेअरीत जाऊन आले होते.

काकांनी तिला आत नेलं, चहा टाकला. ती काही विचारण्याआधी स्वतःच म्हणाले, "गोळ्या घेतोय मी. काळजी करू नकोस. वेलिंग्टनला ट्रेननं जातो, तिथल्या एका फार्मसीतून आणतो. डॉक्टर रजेवर जाण्याआधीच त्यांना सांगून प्रिस्क्रिप्शन तिकडे वळवून घेतलंय. तुमच्याकडे जुन्या चिठ्ठीवरच्या राहिल्या असतील."

सुलेखानं डोळे मिटले. इतके दिवस छातीवर बसलेला धोंडा बाजूला झाला. "काका, फोन तरी उचलायचात," ती म्हणाली.

"काय सांगणार होतो तुला? तिकडे कुणी ओळखीचं नसतं. आणि ती मुलगी न विचारता सगळं पिशवीत घालून, वरून घडी मारून देते."

मग त्यांनी त्या शुक्रवारचं सांगितलं. मॉलमध्ये अस्मिताशी बोलताना खिशातून एक खोकं खाली पडलं. तिनं वाकून उचललं, नाव वाचलं. क्षणभर गप्प झाली. मग त्यांच्या हातात देऊन म्हणाली, काका, जेवायला या ना एकदा.

"कीव गं कीव," काका म्हणाले. "माइकवरून लोकांना हसवणारा म्हातारा घरी रडतो, हे कळलं तिला. आता तिच्यासमोर उभं कसं राहायचं?"

सुलेखाच्या घशापर्यंत शब्द आले. कारण तिला ठाऊक होतं की अस्मिता तीच गोळी घेते. धाकट्या मुलाच्या जन्मानंतर सुरू झालेली, तीच, त्याच रंगाच्या खोक्यातली. एक वाक्य बोललं असतं तर समोरच्या माणसाची सगळी लाज त्याच क्षणी उतरली असती. पण ते वाक्य तिचं नव्हतंच. तिनं चहाचा मोठा घोट घेतला. तोंड भाजलं.

"काका," ती एवढंच म्हणाली, "कुणी गप्प झालं म्हणजे त्याच्या मनात वाईटच असतं असं नाही. आणि चूक माझी आहे. गर्दीत, त्या आवाजात, तुम्हाला पिशवीचं विचारायला नको होतं."

काका हसले. "तुझा आवाज म्हणजे रेल्वेची अनाउन्समेंट आहे. पण तुझ्यावर राग नाही हो. पिशवीला पैसे लावलेस ते बरोबरच केलंस. मीच तिथं हो म्हणायला लाजलो."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी सुलेखानं मरेला आणि सहकारी लुपेला गाठलं. कुणाचंही नाव न घेता म्हणाली की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं यापुढे पिशवीत घालूनच द्यायची, न विचारता, आणि पैसे न घेता.

मरे गोंधळला. "तूच तर म्हणालीस फुकट देऊ नका."

"शाम्पूला घ्या, परफ्यूमला घ्या. तिथं माणूस आळसानं पिशवी मागतो. आळसाचे पैसे घ्या की. पण औषधाची पिशवी म्हणजे दाराला पडदा असतो. लाजेचे पैसे नका घेऊ."

लुपे सामोआची, मोठ्या कुटुंबातली. ती म्हणाली, "माझी मावशी डायपर टॉवेलात गुंडाळून नेते इथून. मोठ्यांचे. मला वाटायचं पैसे वाचवते. पण पिशवी घ्यायची तर सगळ्यांसमोर मागावी लागते ना." आणि लगेच, "ते पण पिशवीत घालू या?"

मरेनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि स्वतः स्टुलावर चढून पाटी उतरवली. नव्या पाटीचा मजकूर ठरायला मात्र आठवडा गेला, कारण ‘लाज’ हा शब्द न वापरता ते कसं लिहायचं हे कुणालाच सुचेना. अखेर पाटीवर एवढंच आलं की औषधांची पिशवी दुकानाकडून, बाकीच्या पिशवीचे पैसे. बंदरवाल्या मंडळींना मिळणारी रक्कम थोडी घटली. सुलेखानं आवाजही जरा खाली आणला, म्हणजे तिला तरी तसं वाटतं.

काकांचं प्रिस्क्रिप्शन काही लगेच परत आलं नाही. वेलिंग्टनच्या ट्रेनची त्यांना गोडी लागली होती. औषधं घ्यायची, कॉफी प्यायची, बंदरावर फिरायचं. सुलेखानं आग्रह केला नाही. ते घराबाहेर पडतायत, हेच तिला पुरेसं होतं.

उन्हाळ्यात मंडळाची सहल प्लिमरटनच्या किनाऱ्यावर निघाली. मुलं टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, घालून पाण्यात, मोठी माणसं चटयांवर. सुलेखाला दुरून दिसलं, काका आणि अस्मिता दोघंच वाळूवरून चालत होते. बराच वेळ. परत आले तेव्हा अस्मिताचे डोळे लाल होते आणि ती हसत होती.

काका सुलेखाजवळ येऊन बसले. हळू आवाजात म्हणाले, "तिनंच सांगितलं. स्वतःहून. त्या दिवशी गप्प का झाली होती ते. म्हणाली, काका, तेव्हापासून सांगायचं होतं, धीर होईना." मग त्यांनी सुलेखाकडे वळून पाहिलं. "तुला माहीत होतं. माझ्या घरी चहा पीत होतीस तेव्हा माहीत होतं."

"मला काही माहीत नसतं काका," सुलेखा म्हणाली.

काकांनी मान हलवली आणि मोठ्याने हसले. माइकवरचं हसू नव्हतं ते. सुलेखालाही हसू आवरेना. कित्येक महिन्यांनी तिला हलकं वाटलं. पलीकडून अस्मितानं हाक मारली, "सुलेखाताई, या वेळी वांग्यांत कूट कसला घातलास गं? वेगळा लागतोय." सुलेखा उठली, साडीला लागलेली वाळू झटकली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. कारळ्याचा कूट होता. कारळे इथं कुठं मिळतात, भाजताना किती सांभाळावे लागतात, हे सांगण्यात दोघी गढून गेल्या.