सर, पुसू नका

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तर माझ्या वर्गातला डस्टर काढला गेला होता. कर्मणि प्रयोग... म्हणजे कर्ता कोण, हे कोणी सांगणार नाही.

मी नालासोपाऱ्यात संस्कृत शिकवतो. टेबलावर डस्टर आपटून वर्ग शांत करणं, एवढीच काय ती माझी शस्त्रविद्या. आता फळ्याच्या जागी स्मार्ट बोर्ड आहे. बोट फिरवलं की सगळं गुल... आपटायला हाताशी काहीच नाही.

बोर्डाबरोबर ॲपही आलं. मी घरी बसून धड्याचे व्हिडिओ करायचे, मुलांनी ते बघायचे, आणि बघितले की त्यांच्या नावापुढे हिरवी खूण येणार. महिन्याभरात नववीचा जवळजवळ अख्खा वर्ग हिरवागार. आमच्या भागात इतकं संस्कृतप्रेम दडलंय याची मला कल्पना नव्हती.

मग एका मुलाने खरं सांगून टाकलं. मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवायचा, व्हिडिओ आपोआप संपतो. "सर, तुम्ही शिकवत असता आणि मी जेवत असतो." त्याच्या आईला माझा आवाज आवडतो म्हणे... भाजी निवडताना बरा वाटतो.

लाल खूण एकट्या सायलीची. पहिला व्हिडिओ तिने अर्ध्यात सोडलेला, पुढचे उघडलेच नाहीत. आणि शाळेचा नवा नियम असा, की जो लाल राहील त्याने पुढच्या सत्रात संस्कृत सोडून हिंदी घ्यायची. आमच्या मुख्याध्यापिका मॅडम स्वभावाने चांगल्या आहेत. फक्त त्यांचा ॲपवर जितका विश्वास आहे तितका माझ्यावर... असो. वडिलांना बोलवून घ्या म्हणाल्या.

वडील जवळच्या गास गावाहून आले, बाजारात भाजी पोचवून तसेच. मला वाटलं, घरात फोनची अडचण असेल. तर फोन होता, नेट होतं, पोरीला ओरडूनही झालं होतं. उठता उठता ते एवढंच म्हणाले, "सर, तिचं संस्कृत काढू नका. आमच्या घरात असलं श्लोकबिक म्हननारी ती पहिलीच."

सायलीला स्टाफरूममध्ये बोलावलं. आधी मागच्या दोन धड्यांवरचे प्रश्न विचारले. तिने सगळ्यांची उत्तरं नीट दिली. मग विचारलं, की बाई, माझ्या व्हिडिओंनी तुझं काय वाईट केलंय?

ती बुटांकडे बघतच बोलली.

"सर, फळा होता तेव्हा तुम्ही पुसायला लागलात की आम्ही ओरडायचो, सर, पुसू नका. मग तुम्ही थांबायचात. मागे वळून बघायचात आणि परत सांगायचात. व्हिडिओत तुम्ही थांबतच नाही."

मी म्हटलं, अगं, पॉजचं बटण असतं की.

"ते मी थांबवते, सर. तुम्ही नाही थांबत."

इतकी वर्षं मुलांना उत्तरं देण्याचा पगार घेतोय, आणि त्या दिवशी घसा खाकरून तिला वर्गात पाठवलं.

मॅडमना सांगितलं, की मुलगी माझ्या जबाबदारीवर राहू द्या. घटक चाचणीपर्यंत मुदत मिळाली. शेजारच्या टेबलावरचे गणिताचे सर म्हणाले, कशाला वाद घालता, तिलाही बाटलीचा उपाय सांगा ना. सोपा आहे, हिरवं होईल... पण ते मी तिला सांगणार नाही. ज्या एकीने माझं ऐकायचं म्हणून व्हिडिओ बंद केला, तिला मी ढोंग कसं शिकवू?

काल तासाला मुद्दाम मध्येच थांबलो. बोर्डाकडे पाठ केली आणि वर्गाकडे पाहिलं. सगळे शांत, सगळ्यांच्या माना डोलत होत्या. पूर्वी अशा चेहऱ्यांतून कोणाला कळलेलं नाही, ते मला नुसतं बघून समजायचं. काल समजलं नाही.

डस्टरचं रडगाणं सोडून द्या, त्यावाचून काही अडत नाही. हल्ली दमून घरी येतो आणि कॅमेऱ्यासमोर बसून न थांबता बोलतो... तीच सवय वर्गात माझ्या मागे आली असावी. सायली अजून तरी, व्हिडिओ बंद करून का होईना, 'थांबा' म्हणते. तीही म्हणेनाशी झाली, तर मी थांबत नाहीये हे मला कळणारच नाही. भीती याची वाटते.