‘ले’चा ‘ला’

दहावीपर्यंत मी ‘माय’ होते. पोरगी अकरावीला धरमपेठेतल्या कॉलेजात गेली आणि मला बढती मिळाली, मी ‘आई’ झाले. पगार मात्र वाढला नाही. कारखाना बंद पडल्यापासून नवरा घरी बसलेला, मी लोकांच्या साड्यांना फॉल लावणारी, आणि आमच्या राजकन्येला चिंता कसली, तर माझ्या व्याकरणाची.

पालकसभेच्या आदल्या दिवशी तिनं मला समोर बसवलं. "आई, तिथे ‘मले-तुले’ करायचं नाही. ‘ले’ आला की ‘ला’ म्हणायचं. सोपं आहे."

सोपंच होतं. लिहिताना मला सगळं जमतं, पण जिभेला कुणी शाळेत घातलं नव्हतं. भाकरी थापता थापता मी ‘ले’ला घराबाहेर काढत बसले.

सभेत मॅडमनी विचारलं, "घरी अभ्यास करते का ही?" वर्ग पालकांनी भरलेला. मी पदर सावरला आणि एकदम शुद्ध बोलले, "मॅडम, हिचे मार्क कमी आला, पण हिनं कष्ट खूप केला. जागून जागून हिचे डोळे सुजला."

पहिल्या बाकावरच्या दोघी फिसकन हसल्या. मॅडमना अचानक खोकला आला. पोरगी फरशीकडे पाहत होती. शिष्येनं गुरूचं नाव काय उजळलं!

परतीच्या ऑटोत ती बाहेर तोंड करून बसली. तशीच बाहेर बघत म्हणाली, "पुढच्या वेळी बाबांना पाठव."

माझं डोकंच सणकलं. "तुह्या बापाले? तो घराबाहेर निघून नाही राहिला, अन् कॉलेजात येते काय? एवढी लाज वाटते तं सांगून टाक ना, माय मेली म्हणून!"

ती गर्रकन वळली. "लाज? त्या बाया तुह्यावर हसल्या! मले नाही पाहवलं. एकीचं तं थोबाड फोडावं वाटून राहिलं होतं. बाबावर कोणी हसलं तं चालते मले, तुह्यावर नाही. काहून समजत नाही तुले?"

वर्षभर मी तिच्यासाठी टोमणे साठवून ठेवले होते. त्यातला एकही कामाचा निघाला नाही. भर सिग्नलवर मला रडू फुटलं.

स्वतःचे डोळे ओढणीनं पुसत ती माझ्यावरच खेकसली, "रडू नको ना वं, लोक पाहून राहिले."