निरोगी बाईचा फॉर्म

टाचणीकाकूंना उभ्या जन्मात धड आजारपण आले नव्हते, आणि साठी उलटल्यावर नेमके तेच आडवे आले.

काकू शिवणकाम करीत. ओठांत टाचण्या धरून तोंडाच्या एका कोपऱ्यातून बोलायची त्यांची लकब, म्हणून गल्लीने हे नाव बहाल केलेले. तरणतलावावर जाणाऱ्या मुलींचे पोशाख बेतण्यात त्यांचा हातखंडा होता. एके दिवशी उरलेल्या निळ्या कापडाचा एक त्यांनी स्वतःसाठीच शिवला, आरशासमोर उभ्या राहिल्या, आणि तिथेच पोहायला शिकायचा निर्णय झाला. प्रौढ स्त्रियांच्या वर्गातली शेवटची जागा त्यांना मिळाली. मात्र प्रकृती ठणठणीत असल्याचा, डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म आज संध्याकाळपर्यंत तलावाच्या कचेरीत पोहोचला नाही, तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

दवाखान्याच्या खिडकीशी काकूंची नणंदच बसे.

"वन्सं, एवढा फॉर्म भरून घ्या डॉक्टरांकडून. किती द्यायचे?" काकूंनी पाकीट उघडले.

"मिटवा ते वहिनी, आधी मिटवा!" नणंद दचकून इकडेतिकडे पाहू लागली. "तुमचा सरकारी विमा. विमावाल्यांकडून फॉर्मचे पैसे घ्यायचे नाहीत, असा नियम झालाय. मागे सवयीने एकाकडून घेतले, तर वरून असं पत्र आलं की डॉक्टरांनी दुपारचा चहासुद्धा घेतला नाही."

"मग फुकट द्या. माझी काही हरकत नाही."

"फुकट मिळतो, पण तपासणीबरोबर. आणि कसला त्रास होतो ते लिहिल्याशिवाय हा संगणक तपासणीची नोंदच घेत नाही. काय होतंय तुम्हाला?"

"काहीसुद्धा नाही!"

"असं कसं चालेल? खोकला लिहू?"

"खोकलणारीला पाण्यात उतरू देतील का?"

"गुडघा?"

"गुडघ्यांवरच तर सगळी मदार आहे."

"बरं, खाज?"

"वन्सं! मला तिथून हाकलून लावायचा बेत आहे का तुमचा?"

एव्हाना बाकांवरच्या मंडळींना आपापल्या दुखण्यांचा विसर पडला होता. एका आजोबांनी आपली बद्धकोष्ठता मोठ्या मनाने देऊ केली. "पित्त लिहा, पित्त कुणालाही शोभतं," असे एक बाई म्हणाल्या. हशा पिकला. काकूही हसल्या, पण डोळा घड्याळावर होता. शेवटी त्यांनी एक नोट हळूच आत सरकवली. नणंदेने ती पेन्सिलीच्या टोकाने बाहेर ढकलली.

"जन्मात पहिल्यांदा तुम्ही आपणहून पाकीट उघडलंत, आणि मला हात लावायची सोय नाही. माझं नशीबच फुटकं!"

गलका ऐकून डॉक्टर बाहेर आले. हकिकत कळताच त्यांनी काकूंना आत बसवले.

"जेवण कसं आहे?"

"उत्तम."

"चालताना दम?"

"मुळीच नाही."

"झोप?"

"झोप कुठली, डॉक्टर! वर्गात नाव घातल्यापासून डोळ्याला डोळा नाही. जरा आडवी झाले की हातपाय मारायला लागते. परवा आमच्या ह्यांच्या कमरेत लाथ बसली. ते आता बाहेरच्या खोलीत झोपतात."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांनी नोंद केली: निद्रानाश. कारण, पोहण्याची अनावर ओढ. उपचार, पोहणे. संगणकाने ती निमूटपणे स्वीकारली. मग त्यांनी रक्तदाब मोजला, छाती तपासली, काकूंना स्टुलावर चढ-उतार करायला लावली, आणि सगळे ठीक असल्याची खात्री पटल्यावरच सही ठोकली.

काकू फॉर्म उंच धरून बाहेर आल्या. बाकांवरून टाळ्या पडल्या. "वहिनी, पळा!" नणंद ओरडली, आणि काकू खरोखरच पळाल्या. कचेरीचे दार लोटले जात असताना त्यांनी फटीतून फॉर्म आत घातला.

दुसऱ्या सकाळी निळ्या पोशाखात काकू पाण्यात उतरल्या. शिक्षिकेने कडेचा दांडा घट्ट धरायला सांगितला होता. काकूंनी तो क्षणभर धरला, सोडला, डुबकन बुडाल्या, नाकातोंडात पाणी जाऊन वर आल्या आणि एवढ्या खिदळल्या की शेजारच्या दोघींनाही दांडा धरवेना. तासाच्या अखेरीस, शिक्षिकेचा तळहात पाठीखाली असताना, त्या एकदाच्या पाण्यावर आडव्या तरंगल्या. वर्ग संपल्याची शिट्टी झाली. बायका शिडीकडे वळल्या.

काकूंनी दोन्ही कान पाण्याखाली घातले.