मावशीसाठी मोठ्यानं प्रार्थना

बोर्डिंगच्या इंग्रजी शाळेत प्रार्थना पाठ म्हणायची सवय. मराठीत, चारचौघांत मी कधीच केली नव्हती. सुट्टीत मावशीच्या गावी, धाडला आले, तेव्हा मावशी ऑपरेशनसाठी निघाली होती.

"माह्यासाठी तू प्रार्थना कर," ती म्हणाली.

तिला निरोप द्यायला जमलेल्या बायकांनी डोक्यावर पदर घेतले. पाण्याच्या निमित्तानं आत पळावं की थांबावं, मला ठरेना. मावशीनं माझा हात धरला. तिचाही हात माझ्यासारखाच थरथरत होता.

"काऊन वं पोरी, येशू मार्क देऊन राह्यला काय तुले?" मावशी म्हणाली.

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि डोळे मिटले. "प्रभू, मावशीला भीती वाटते, मलाही वाटते. तू तिच्यासोबत जा. आमेन." एवढंच सुचलं.

मावशी बरी होऊन आली. पण मी आभार मानते ते त्या 'आमेन'साठीही. तेव्हा तिचा हात शांत झाला होता, आणि माझाही.