हाजिर मास्तर

रोज सकाळी हजेरी घेताना आमचे मास्तर सगळ्यांत आधी स्वतःचं नाव घेत आणि स्वतःच "हाजिर" म्हणत. नवी पोरं फिदीफिदी हसायची. मास्तर हसत नसत. पटावरची पहिली ओळ त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवली होती. एखाद्या दिवशी उशीर झाला, तर त्या ओळीत ते लाल शाईनं तसं लिहीत आणि पुढं कारणही लिहीत. एकदा लिहिलं होतं, "वहाणेचा अंगठा तुटला." निजामाच्या राज्यातली आमची तहतानिया, म्हणजे प्राथमिक शाळा, दोन खोल्यांची आणि एका गळक्या पडवीची. तिथं धड म्हणावं असं काही नव्हतं, पण तिचा पट असा, की वरून तपासायला आलेला साहेब चहा निवेपर्यंत तो वाचत बसायचा. गावानं त्यांना हाजिर मास्तर असं नाव ठेवलं आणि त्यांनी ते बिनतक्रार घेतलं.

सरकारी पटात गैरहजर पोरापुढं नुसती फुली असायची. मास्तरांनी पट्टीनं रेघ मारून एक रकाना वाढवला होता आणि त्यावर लिहिलं होतं, कारण. शाळा सुटली की ते घरोघर जात. पोराला ताप आहे म्हटलं, की कसला ताप, कधीपासून, घरात आणखी कुणाला आहे का, सगळं विचारून घेत. "फुली काय, कोणीबी मारतं. पोरगं का आलं न्हाई ते सांगा," असं त्यांचं म्हणणं. रकाना रिकामा राहिला, की त्या दिवशी त्यांना घास गोड लागत नाही, असं त्यांच्या घरातून आम्हाला कळायचं.

मी त्यांचाच विद्यार्थी. आमचं गाव आष्टीच्या बाजाराला पायी जाऊन दिवस मावळायच्या आत परत येता येईल एवढ्या अंतरावर. गावापासून जरा लांब, ओढ्याच्या अंगाला, आम्हा धनगरांची वस्ती. वस्तीतून शाळेत टिकलेला मी पहिला. सगळं गाव मला गेन्या म्हणायचं. पुढं मी त्याच शाळेत मदतनीस मास्तर म्हणून लागलो, त्या दिवशी भर वर्गात त्यांनी मला "या, गेनुजी" म्हटलं. तेव्हापासून गावालाही ते म्हणावं लागलं. माझ्या नावातला तो "जी" त्यांनी दिलेला आहे, हे मी कधी विसरलो नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे. मी शाळेत असताना माझ्या घोट्यापाशी नारू निघाला. नारू म्हणजे दोऱ्यासारखा जंत. पाण्यातून पोटात जातो आणि वर्षभरानं पायातून बाहेर यायला लागतो. ओढायचा नाही, तुटला तर पाय कुजतो. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा काढावा लागतो. आमच्याकडं त्याचं नाव घेत नसत, "पाव्हणा आलाय" म्हणत. मास्तरांना कळलं, तसे ते वस्तीवर आले, माझा पाय मांडीवर घेतला आणि काडीला एक वेढा दिला. रोज यायचे, एकच वेढा द्यायचे. ब्राह्मणाच्या धुवट धोतरावर धनगराच्या पोराचा चिघळलेला पाय पाहून माझी माय ओशाळून आत जायची. "माय, जल्दी करून चालत न्हाई याच्यात," ते म्हणायचे, "त्याला वाटलं पायजे, तो आपल्या मनानं चाललाय." तो अख्खा निघाला तेव्हा त्यांनी पटावर माझ्या नावापुढं लिहिलं, "पाहुणा गेला."

त्या काडीनंच त्यांना नाद लागला असावा. दर उन्हाळ्यात कारणाच्या रकान्यात पाव्हणेच पाव्हणे दिसू लागले. मी मास्तर झाल्यावर त्यांनी एक कोरी वही काढली आणि आम्ही दोघं घरोघर फिरलो. घरात माणसं किती, पाव्हणा कुणाला आल्ता, कुठल्या सणाच्या आगेमागे, पाणी कुठलं पिता. गावाला पाणी एकच होतं, पायऱ्यांची जुनी बारव. पायऱ्या उतरून, गुडघाभर पाण्यात उभं राहून घागर भरायची. नारूच्या पायाची आग थंडगार पाण्यात शमते, म्हणून दुखरं माणूस त्यात अंमळ जास्तच उभं राहायचं. गावात एका घरी मात्र दोरानं शेंदायचा आड होता आणि त्या घरात नारू नव्हता. हे ध्यानात आलं त्या दिवशी मास्तर रस्त्यातच थांबले. "गेनुजी, पाय बुडवणारा देतो अन् पिणारा घेतो," ते म्हणाले, "पायऱ्या बुजवून रहाट बसवला तर बिलकुल जाईल हे." एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर परत कधी पाहिला नाही.

वस्तीवरची माणसं बोलायला तयार नव्हती. वहीत नाव गेलं, की पाव्हणा घर सोडत नाही, अशी त्यांची समजूत. मीच एकेकाच्या दारात बसलो. मास्तर खोटं लिहीत नाहीत, ते लिहितील त्यानं आपल्याला रहाट मिळेल, असं मी सांगितलं. मायनं पहिलं नाव दिलं, माझंच. मग सगळ्यांनी दिली. गावातली घरं त्या मानानं सोपी गेली. मास्तरांच्या स्वतःच्या घरी त्यांची मुलगी इंदू पायाला चिंधी बांधून उंबऱ्यात बसली होती. तिचं नाव मी लिहिलं, माझ्या अक्षरात, आणि मास्तरांनी मान हलवली.

कच्च्या वहीवरून उर्दूत पक्की नक्कल मास्तरांनी एकट्यानं केली. ती वर गेली. दिवाळी होऊन गेल्यावर आरोग्याकडचे एक साहेब घोड्यावरून आले. चावडीत गाव जमलं आणि त्यांनी कागद मोठ्यानं वाचला. वस्तीची नावं आली. माझं आलं, चुलत्याचं आलं, एकूण एक आली. वस्ती संपली. मी गावाची नावं सुरू व्हायची वाट पाहत राहिलो. साहेबांनी कागदाची घडी घातली.

पुढचं सगळं सरळ होतं. रोग वस्तीत आहे, वस्तीची माणसं बारवेत उतरतात, तेव्हा त्यांनी उतरू नये. रहाटाचा खर्चा कशाला, असं पंचांनीच परस्पर ठरवलं. दुसऱ्या दिवशी दवंडी फिरली. त्या दवंडीमागून मी शाळेत गेलो. मास्तर पटावर रेघा मारत होते. मी विचारलं, "गावठाणातली घरं कुठं गेली?"

त्यांनी पट्टी खाली ठेवली नाही. "गेनुजी, खोटं एक अक्षर मी लिहिलं न्हाई. बराबर तपासून पाहा. लिहिलं ते सगळं खरं आहे."

"अन् न लिहिलेलं?"

आणखी एक रेघ ओढून ते म्हणाले, "इंदूची सोयरीक चालू आहे. गावातल्या आणखी चार जणांच्या पोरींची आहे. नारूचं गाव म्हणून नाव झालं, तर कोण करून घेईल? पंच घरी आल्ते. मला वाटलं, वस्तीची नावं गेली तरी रहाट सगळ्यांनाच मिळंल. असं होईल हे मनात आलं न्हाई."

मनात आलं नाही. रोज उठून जगाला कारण विचारणाऱ्या माणसाच्या मनात एवढं आलं नाही. मी माझ्या वर्गात जाऊन उजळणी घेतली. पण वस्तीवर परत जाताना मी लांबच्या वाटेनं गेलो. मीच दारोदार बसून ती नावं काढून दिली होती. चुलता मला म्हणाला, "गेन्या, लई शिकलास." वस्तीसाठी माझा "जी" त्या दिवशी गेला.

आमच्या बाया ओढ्याच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झिरा करायच्या. खड्ड्यात पाणी पाझरेपर्यंत बसून राहायचं, मग वाटीवाटीनं हंडा भरायचा. बारव हाकेच्या अंतरावर असताना माय आणि माझी बायको भर उन्हात ओढ्याला जायच्या. मी शाळेत मास्तरांशी कामापुरतं बोलायचो. ते सकाळी स्वतःचं नाव घेऊन "हाजिर" म्हणायचे, तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघायचो.

पहिल्या उन्हाळ्यात वस्तीवर थोडे पाव्हणे निघाले. दुसऱ्या उन्हाळ्यात एकही नाही. गावात मात्र घरोघर पाय बांधलेले. हे आधी कुणाच्या ध्यानात यावं? ज्याच्याकडं पट होता त्याच्या. वस्तीची सगळी पोरं रोज हाजिर, गावठाणातली निम्मी गैरहाजिर. एका दुपारी मास्तर काखेत तीच वही घेऊन आमच्या दारात उभे राहिले. मायनं घोंगडी टाकली, पाणी दिलं. आमच्या घरात कितीही राग असला, तरी पाणी चुकलं नाही.

"माय, औंदा वस्तीवर पाव्हणा आला न्हाई," ते म्हणाले. "का?"

"तुमाला ठावं न्हाई का, मास्तर?"

"ठावं आहे. झिऱ्याचं पाणी वाळूतून गळून येतं अन् त्याच्यात कोणी पाय घालत न्हाई. पण तुमच्या तोंडून लिहून घ्यायचंय. हे वर गेलं, तर रहाट बसल्याशिवाय राहत न्हाई. तुमची बंदीही उठंल." त्यांचा आवाज जुनाच होता, रस्त्यात थांबून बोलले होते तसा. त्या माणसाला खरोखरच आनंद झाला होता. मला त्यांचा इतका राग त्याआधी कधी आला नव्हता.

माय म्हणाली, "लिवा की. पर शाळेत तुमी पयलं आपलं नाव घेता म्हणं. हितं बी तसंच करा. पयली वळ तुमच्या लेकीची. मंग आमी सांगताव."

मास्तरांनी टाक दौतीत बुडवला होता. तो तसाच धरून ते म्हणाले, "ती नुकतीच नांदायला गेलीय, माय."

"माजी सून बी नांदायलाच आलीय. दोन हंडे घिऊन वड्यातनं यिऊन राह्यली, बगा."

खरंच त्या वेळी माझी बायको ओढा चढून येत होती. मास्तरांनी तिच्याकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं नाही. वहीत त्यांनी काहीतरी थोडं लिहिलं, टाक पुसला, दौतीला बूच लावलं. मग समोरचं पाणी सगळं पिऊन, "पाणी चांगलं आहे," एवढंच म्हणून निघून गेले. त्यानंतर ते वस्तीवर कधी आले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनीच बदली मागून घेतली. निघताना शाळेच्या दारात त्यांनी दोन्ही हात जोडून मला "येतो, गेनुजी" म्हटलं. मी "हां" म्हणालो. आजही मला वाटतं, एवढंच म्हणायला नको होतं. आणि दुसरं काय म्हणणार होतो, हेही मला ठाऊक नाही.

निजामाचं राज्य गेलं त्याच साली मास्तर गेले. वर्षभरानं इंदूताई भोकरदनकडून आली, तीच वही घेऊन. वडिलांनी मला द्यायला सांगितली होती. ती आता दोन लेकरांची आई होती. वस्ती, वही, बारव, तिला सगळं ठाऊक होतं. वही माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "दादा, सासरी गेले अन् पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी लुगडं वर करून त्यांची पोटरी दाखवली. माझ्यासारखाच वण. सासऱ्यांना, दिरांना, सगळ्यांना येऊन गेल्ता. मी वडिलांना कळवलं होतं. त्याचं उत्तर आलं न्हाई."

मी वही उघडली. शेवटच्या पानावर त्या दुपारची ओळ होती. "वस्ती. नारू नाही." आणि त्यापुढं, पट्टीनं आखलेल्या रकान्यात, "कारण" या शब्दाखाली काहीच नव्हतं.

इंदूताईनं ते पाहिलं. "माझ्या पायाचं लिहा, दादा," ती म्हणाली. "पहिली ओळ माझी. मंग तो रकाना भरा."

मी टाक हातात घेतला, आणि ठेवून दिला. "ते मास्तरांचं काम होतं, ताई," मी म्हणालो.

ती रडली. मग मीही रडलो, कारण आपल्या पायापाशी बसून काडीला एकेक वेढा देणाऱ्या मास्तरांच्या बोटांची आठवण आम्हा दोघांनाही होती. वही माझ्याकडं आहे. तो रकाना मी भरलेला नाही.