आधी सांगणारे शेजारी

आमचे शेजारी संत्र्याच्या बागेचे मालक. प्रत्येक गोष्ट ते आधी सांगून करत. "मास्तर, मी येऊन राहिलो," असं फाटकातूनच ओरडत, आणि शिंक आली तरी "सरका" म्हणून मगच शिंकत.

एकदा बर्डीच्या बाजारात जाताना त्यांनी मला सायकलवर मागे बसवलं आणि गोणपाटाची एक लांब गुंडाळी माझ्या मांडीवर दिली. चौकात शिपायाने डबलसीट म्हणून अडवलं. हे उतरले आणि दोन्ही हात वर करून म्हणाले, "जमादार, त्या गुंडाळीत बंदूक हाय. रिकामी हाय, दुरुस्तीले नेऊन राहिलो. लायसन खिशात हाय, काढू काय?"

शिपाई मागे सरकला. मी तर थिजलोच.

"मले काहून भेवाडून राहिले?" शिपाई म्हणाला.

"न सांगता दिसली असती, तं जास्त भेले असते."

शिपायाने लायसन पाहिलं, कपाळ पुसलं आणि गुंडाळीला हातही न लावता आम्हाला सोडलं. डबलसीटचं तो विसरूनच गेला.

पुढे गेल्यावर मी चिडून विचारलं, "त्याला सांगितलंत, मग मला का नाही?"

"तुमाले सांगतलं असतं," ते शांतपणे म्हणाले, "तं तुमी मांगं बसले असते काय?"